पडद्यावरची हळद

ते साल दोन हजार बावीस. नक्की आठवतं, कारण दोन वर्षं तोंडाला फडकी बांधून बसलेली सगळी लग्नं त्या मे महिन्यात एकदम बाहेर पडली आणि कल्याण-डोंबिवलीत पैसे मोजूनही हॉल मिळेना. म्हणून हौसाबाईंच्या नातीचं, नयनचं, लग्न घोडबंदर रोडवर ठरलं. मुलगा सिद्धेश तिकडचाच, ओवळ्याचा. दोन्हीकडची हळद आणि लग्न एकाच हॉलवर करायचं, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं.

आम्ही ठाकुर्लीत राहायला आलो एकोणऐंशी साली. त्या वेळी आमच्या खिडकीतून पॉवर हाऊसची चिमणी दिसायची आणि तिच्या अलीकडे हौसाबाईंचं भाताचं शेत. आज मी ज्या बिल्डिंगमध्ये राहते ती त्याच शेतावर उभी आहे. हौसाबाई तळमजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. त्या मला वयनी म्हणतात आणि अगंतुगं करतात. मी त्यांना अहोजाहो करते. त्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, आणि शिवाय जमीन त्यांची.

हौसाबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला एक गाणं असतं, ते म्हणजे धवला, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती बसल्याशिवाय हळदीला कोणी हात लावत नाही. गाणं पाठ असून भागत नाही. एकेक बाई पुढे येते, हळदीत हात बुडवते, नवरीच्या गालाला लावते, आणि त्याच क्षणी धवलारणीने तिचं नाव ओळीत घ्यायचं. आत्याचा हात तर आत्याचं नाव, मामीचा हात तर मामीचं. हात गालावरून निघेपर्यंत ओळ संपता कामा नये. एखादीचं नाव चुकलं किंवा राहिलं तर ती बाई मरेपर्यंत विसरत नाही. मी अशी एक मामी पाहिली आहे, जिने त्यावरून भाच्याच्या बारशाला यायचं टाळलं.

एप्रिलमध्ये हौसाबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं की दीड-दोन महिने गाडीत बसायचं नाही, आणि घोडबंदर रोडवर तर मुळीच नाही. हौसाबाईंनी दुखण्याची तक्रार केली नाही. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न एवढाच विचारला की नयनचे धवले कोण गाणार. नयनचा बाप, म्हणजे हौसाबाईंचा मुलगा, ती चौथीत असताना गेला. तिची वेणी घालताना, तिला डबा देताना, ती रडली तरी आणि पास झाली तरी, आजी एकच म्हणत आली होती की तुझी हळद मी गाईन. आजूबाजूच्या गावांतल्या शेकडो पोरींची हळद गायलेल्या बाईच्या स्वतःच्या घरात तेवढी एकच हळद बाकी होती.

प्रीतम हा हौसाबाईंचा मोठा नातू, नयनचा चुलतभाऊ. त्याने फोनवरून व्हिडिओ कॉल करू म्हटलं. पण हौसाबाईंचा एक डोळा मोतीबिंदूत वाया गेलेला, दुसरा जेमतेम. फोनच्या काचेत त्यांना नयन कोण आणि समई कुठली तेही कळेना. घरातला टीव्ही मोठा होता, पण त्याला ना कॅमेरा ना माईक. प्रीतमचा लॅपटॉप तर हॉलवरच लागणार होता. तेव्हा मी म्हटलं, माझा संगणक खाली आणू. त्याला भला मोठा पडदा आहे.

माझा आणि संगणकाचा संबंध जुना आहे. चौऱ्याहत्तर साली मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कार्डांना भोकं पाडायच्या मशिनवर लागले. तेव्हा संगणक एका खोलीत मावत नसे आणि त्याच्यासाठी एसी असायचा, आमच्यासाठी नाही. निवृत्त झाले तेव्हा त्या खात्याची मीच प्रमुख होते. पुढे माझा मुलगा सुशांत पुण्याला गेला आणि त्याचा जुना संगणक इथेच टाकून गेला. तो संगणक रांगायला लागला तेव्हा मी त्यातलं सगळं पुसून लिनक्स ही फुकटची यंत्रणा घातली. तेव्हापासून तो गुपचूप चालला होता. निदान माझा तसा समज होता.

पहिली तालीम हळदीच्या आदल्या आठवड्यात झाली. प्रीतमने माझा पडदा आणि डबा उचलून हौसाबाईंच्या पलंगासमोर मांडला आणि स्वतः लॅपटॉप घेऊन कळव्याला गेला. कळव्याला रुपाली राहते, ती हौसाबाईंची मुलगी, नयनची आत्या. तिच्या घरात नयनला पाटावर बसवलं, वाटीत नुसतं हळदीचं पाणी घेतलं, आणि रुपाली व नयनची आई तुळसा अशा दोघी उभ्या राहिल्या. ब्राउझरमध्ये कॉल जोडला. पडद्यावर नयनचं तोंड ताटाएवढं दिसलं तेव्हा हौसाबाईंनी पलंगावरूनच बोटं मोडून दृष्ट काढली.

त्यांनी सूर लावला. आवाज कळव्याला पोचला, तिकडचा आवाज इकडे आला. पण चित्र अडखळायला लागलं. नयन हसता हसता थिजायची, मग एकदम तिची मान दुसरीकडे वळलेली दिसायची. डब्यातला पंखा घोंगावायला लागला.

"वयनी, तुज्या डब्याला धाप लागलीय," हौसाबाई गाता गाता मध्येच म्हणाल्या.

त्यांना पडद्यावर तुळसाचा हात दिसत होता, म्हणून त्या तुळसाचं नाव गात होत्या. तिकडे तुळसा केव्हाच बाजूला झाली होती आणि रुपालीचा हात नयनच्या गालावर होता. रुपालीने हात काढला तेव्हा इकडे तो नुकता वाटीत बुडत होता. सगळ्या आधी हसल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं तेव्हा कोणी हसलं नाही.

रुपाली मनाने वाईट नाही, पण स्पष्ट बोलते. लॅपटॉपच्या अगदी जवळ येऊन ती म्हणाली, "आय, इथं घरात ठीक हाय. तिथं सासरची मानसं असतील गो. माझ्या हाताला दुसरीचं नाव गायलंस तर नयनला आयुष्यभर ऐकावं लागंल."

तुळसाने मधला मार्ग काढला. परवापर्यंत जमलं तर उत्तम, नाहीतर कोपरच्या एका बाईला सुपारी देऊ, किंवा सरळ धवल्यांचं रेकॉर्ड लावू. बाईला सुपारी द्यायचं हौसाबाईंनी ऐकून घेतलं. रेकॉर्ड म्हटल्यावर मात्र त्यांनी मान वळवली.

"रेकॉर्ड कुनासाठी थांबतंय काय? बाईचा हात हलदीत, आणि गानं संपलं. मग तिनं काय करायचं, हात तसाच धरून उभं रावायचं?"

कॉल बंद केल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी चहा करून नेला, तो तसाच निवला.

सुशांतला फोन केला तर तो म्हणाला, आई, नवा लॅपटॉप घे ना, मी पाठवतो. पाठवला असता त्याने. पण तो येणार कधी, त्यात सगळं बसवणार कोण, हे एक. आणि खरं सांगायचं तर मला जिद्द चढली होती. पंखा जोरात फिरतो म्हणजे आत कोणीतरी मरमर काम करतंय. कोण करतंय, ते मला पाहायचं होतं. प्रीतमकडून डबा आणि पडदा परत वर आणून घेतला.

पाहिलं. कॉलच्या वेळी मुख्य प्रोसेसरच्या कामाच्या आलेखातल्या सगळ्या रेषा माथ्याला टेकलेल्या. बाजूची ग्राफिक्सची चिप मात्र निवांत. आता हे समजायला सोपं आहे. व्हिडिओ आपल्याकडे येतो तो दाबून, घड्या घालून बांधलेला. तो दर क्षणाला उलगडावा लागतो. ग्राफिक्सच्या चिपमध्ये नेमका तेवढ्याच कामासाठी एक खास भाग असतो, तो हे झोपेतही करील. पण लिनक्सवर ब्राउझर त्याला आपणहून हाक मारतोच असं नाही. माझा ब्राउझर मारत नव्हता. सगळं उलगडणं बिचारा प्रोसेसर हाताने करत होता आणि मागे पडत होता. ब्राउझरच्या माहितीच्या पानावर ते स्वच्छ लिहिलेलंच होतं: व्हिडिओ उलगडण्यासाठी फक्त सॉफ्टवेअर.

त्या दुपारी मी जेवायचं विसरले. आधी त्या चिपचा ड्रायव्हर घातला. मग काळ्या खिडकीत आज्ञा दिली की बाई, तुला कोणकोणत्या बांधणीचे व्हिडिओ उलगडता येतात ते सांग. आणि खाली ओळीवर ओळ उमटत गेली. इतकी वर्षं माझ्या टेबलाखाली बसलेल्या चिपने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारून आले.

तरी ब्राउझर तेच म्हणे: फक्त सॉफ्टवेअर. इंटरनेटवर आपल्यासारखी खटपट करणाऱ्यांची मंडळं असतात, तिथे मी प्रश्न टाकला. चहा होईपर्यंत उत्तर आलं, कुठल्या देशातून देव जाणे. उत्तर देणाऱ्याने विचारलं, तुमचा ब्राउझर बंद पुडक्यातला आहे का? होता. एप्रिलमध्ये मीच हौसेने सगळी यंत्रणा नव्या आवृत्तीवर नेली होती, आणि त्या आवृत्तीत ब्राउझर असा सीलबंद येऊ लागला होता. पुडक्याच्या आतून त्याला बाहेरचा ड्रायव्हर दिसतच नव्हता. मी ते पुडकं काढून टाकलं, साधा मोकळा ब्राउझर बसवला, त्याच्या आडबाजूच्या सेटिंगमध्ये जाऊन एक बंद खटका चालू केला, आणि एक व्हिडिओ लावून पाहिला. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. पंखा गप्प. मी डब्याला कान लावला, तरी गप्प.

मी खाली धावले. त्र्याहत्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढी. हौसाबाईंना सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे घरात कामाला बाई होती आणि तिला कोणी बोलावतच नव्हतं? मी म्हटलं, अगदी तसंच. त्या म्हणाल्या, आपल्यात बी असंच चालतंय.

पण वर येऊन प्रीतमला कॉल लावला आणि पुन्हा पंखा भणभणला. मी डोक्याला हात लावला. मग त्या ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा उमगलं. चिप जुनी. तिला जुन्या बांधणीचे व्हिडिओ उलगडता येत होते, आणि प्रीतमच्या लॅपटॉपवरून कॉल यायचा तो नव्या बांधणीचा. ती तिला शिकवलेलीच नव्हती. प्रीतमला फोन करून म्हटलं, कॉलच्या सेटिंगमध्ये जा, व्हिडिओची पद्धत बदल, एच टू सिक्स फोर निवड. तो म्हणाला, "काकी, तुम्ही घरी बसून हे धंदे करता? मला वाटलं तुम्ही सीरियल बघता." मी म्हटलं, बदल आधी.

दुसऱ्या तालमीला माझा डबा पुन्हा खाली आला आणि कळव्यात पुन्हा पाट मांडला. या वेळी चित्र आणि आवाज हातात हात घालून आले. नयनच्या पापणीची हालचाल दिसत होती. हौसाबाईंनी सूर लावला आणि नाव बरोबर हाताला पडलं. एकदा, दोनदा, तीनदा. तरी रुपालीचा विश्वास बसेना. तिने आईची परीक्षा घेतली.

ती हात भिजवून पुढे आली. हौसाबाईंनी ओळ उचलली, "हलद लावी नयनला, तिची आऽऽ", आणि 'आत', म्हणजे आत्या, म्हणणार तेवढ्यात रुपालीने झटकन हात मागे घेतला आणि तुळसाला पुढे ढकललं. हौसाबाईंनी तो 'आ' सोडला नाही. तसाच वर नेला, हवेत फिरवला, आणि तुळसाचा हात गालाला लागला त्याच क्षणी खाली उतरवला, "आऽऽय गो, तुलसा आय."

मग रुपाली म्हणाली, "कोपरवालीला नको सांगू, तुळसा." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

हळदीच्या दिवशी दुपारपासून आमच्या तळमजल्यावर जत्रा. ज्या म्हाताऱ्यांना घोडबंदरपर्यंत जाणं झेपणार नव्हतं त्या सगळ्या हौसाबाईंच्या खोलीत. हौसाबाईंना हिरवं लुगडं नेसवलं होतं, पाठीला उशांची रास, केसांत अबोलीचा गजरा. मी डब्याशी खुर्ची टाकून बसले. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

कॉल जोडला. हॉल दिसला, मांडव दिसला, पिवळ्या साडीतली नयन दिसली. आणि पंखा फिरायला लागला.

आधी हळू, मग जोरात. चित्र अजून ठीक होतं, पण मला कळलं की आता थोड्याच वेळात ते मागे पडणार. झालं असं होतं की लग्नाच्या फोटोग्राफरने मोठ्या मनाने आपला चांगला कॅमेरा आणि आपला लॅपटॉप जोडून दिला होता, आजीला छान दिसावं म्हणून. प्रीतमही खूश झाला होता. पण त्या लॅपटॉपवरून कॉल पुन्हा नव्या बांधणीचा सुरू झाला होता. मी प्रीतमला फोन लावला. डीजेच्या आवाजात त्याला ऐकू जाईना. मांडवात बायका हळदीची वाटी घेऊन थांबल्या होत्या. नयनची मान गोठली.

मी हौसाबाईंकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यांना काय ते कळलं. त्या म्हणाल्या, "तू तुजं कर. मी देव बोलावते."

हळदीच्या आधी देवांना आवतण द्यायचं असतं. त्या भागात कुणाचा हात नसतो, कुणाचं नाव नसतं, तो कितीही लांबवता येतो. हौसाबाईंनी आवाज लावला आणि तिकडे हॉलच्या स्पीकरमधून तो असा घुमला की डीजेवाल्याने आपला आवाज बंद केला. त्यांनी ठाकुर्लीतल्याच चोळ्याच्या गावदेवीला बोलावलं. मग कोपरच्या, मग दिवा गावच्या देवाला. मग मुंब्र्याची डोंगरावरची देवी, तिला पायऱ्या उतरून यायला दोन ओळी दिल्या. पुढे कळवा. खाडी ओलांडायला देवांना होडी लागली, तर होडीचीही ओळ झाली. मग बाळकुम, कोलशेत. ज्या गावाचं नाव येई त्या गावची माणसं हॉलमध्ये ओरडून ओ देत होती. मी चाळीस वर्षांत त्यांचे धवले कितीदा ऐकले, पण देव असे गावोगाव फिरत आलेले कधी ऐकले नव्हते.

इकडे मी रुपालीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हटलं, फोटोग्राफरच्या लॅपटॉपवर जुनी पद्धत लावायची आहे, एच टू सिक्स फोर. ती दोन्ही तालमींत होती, प्रीतमला ते बदलताना तिने पाहिलं होतं, तिला वेगळं सांगावं लागलं नाही. मला फोनमधून तिचा आवाज ऐकू येत होता, "बाजूला हो रे, तुझा कॅमेरा राहू दे, हे बदल. हे, हे. सिक्स फोर. मला शिकवू नकोस."

पडदा काळा झाला. हौसाबाई कोलशेतवरून पुढे निघाल्या होत्या. पडदा उजळला, नयनची मान हलली, आणि माझ्या पायाशी पंखा हळूहळू निवत गेला. मी हात वर केला. देव ओवळ्याच्या वेशीवर पोचले, सिद्धेशच्या गावदेवीने त्यांना आत घेतलं, आणि हौसाबाईंनी एक श्वास घेऊन हळदीची पहिली ओळ उचलली.

पहिला हात तुळसाचा. दुसरा रुपालीचा, आणि तिने या वेळी तो मुद्दाम सावकाश फिरवला, आपलं नाव पुरतं ऐकून घेतलं. मग काकी, मामी, मावशी, शेजारणी. सासरकडच्या बायकांची नावं प्रीतमने आदल्या दिवशी फोनवर म्हणून दाखवली होती, हौसाबाईंना एकदा ऐकून पुरे. एक नाव चुकलं नाही. एक हात अधांतरी राहिला नाही. ओवळ्याच्या एका म्हातारीने तर हात काढून पुन्हा बुडवला, स्वतःचं नाव दुसऱ्यांदा ऐकायला, आणि हौसाबाईंनी ते तिला दिलं. शेवटी नयन पाटावरून उठून कॅमेऱ्याजवळ आली. तोंडभर हळद, डोळ्यांत पाणी. तिने बोटावरची थोडी हळद कॅमेऱ्याला लावली. पडदा पिवळा झाला. खोलीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी आपापल्या गालावर हात ठेवले.

हौसाबाई पुढे काठी घेऊन चालू लागल्या. घरच्याच पलंगावरून त्यांनी आणखी दोन लग्नं गायली, एक नव्या मुंबईचं आणि एक थेट दुबईचं. तिसऱ्या घराने आधी रेकॉर्ड करून पाठवा म्हटलं, ते त्यांनी नाकारलं. चोवीस सालच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. तुळसा आता त्यांच्याच खोलीत राहते. प्रीतम ठाण्याला एका मोठ्या गृहसंकुलात नोकरीला आहे, काही अडलं की मला फोन करतो आणि अजून सीरियलवरून चिडवतो. नयन आणि सिद्धेश घोडबंदर रोडलाच असतात. त्यांची मुलगी उर्वी अडीच वर्षांची झाली. सुशांतने अखेर नवा संगणक पाठवलाच. त्यावरही मी लिनक्सच घातलं. आताचा ब्राउझर चिपला आपणहून हाक मारतो, मला काहीच करावं लागलं नाही, आणि त्या दिवशी मला जरा हिरमुसल्यासारखं झालं.

रुपाली धवले शिकली. आई असताना तिने कधी शिकायचं नाव काढलं नव्हतं. पण त्या हळदीनंतर दर रविवारी कळव्याहून येऊन आईच्या पलंगाशी बसायची. गेल्या मे महिन्यात दिव्याला तिने पहिली हळद एकटीने गायली. मी गेले होते. देवांच्या आवतणात तिने कोपर, दिवा, मुंब्रा करत करत पार ओवळ्यापर्यंत मजल मारली. खरं तर तिथे त्याची काही गरज नव्हती, पण तिला आवतण येत होतं ते आईने नयनच्या हळदीला गायलेलं, तेवढंच लांब.